गुरुद्वाऱ्याचा घुमट ओतला तेव्हा

“होईन ना! काऊन नाई होणार?” असं मी भर बैठकीत बोलून बसलो, आणि पुढचे सात महिने माझ्या डोक्यात घुमटाशिवाय दुसरं काही राहिलं नाही. जेवताना भाताची मूदही मला घुमटासारखी दिसायची. बायको म्हणायची, “जेवा तं खरं, मोजता काय त्याले?” आज ते सात महिने लिहायला बसलो तर हात कागदाच्या पुढे धावतो आहे. अक्षर वाईट आले तर संपादकांनी माफ करावे.

मी सेंट्रिंगचा माणूस. मूळ गाव अल्लीपूर, घर पिपरी मेघेला. छत्तीस वर्षं हेच काम केलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या डोक्यावरचा स्लॅब टाकतात त्या दिवशी तो नुसता ओला गारा असतो, वजनाने जीवघेणा. तो वाळून घट्ट होईपर्यंत त्याला वर धरून ठेवायला खाली बल्ल्या आणि लोखंडी टेकू, त्यावर फळ्या, प्लेटा असा सांगाडा बांधावा लागतो. ते सेंट्रिंग. स्लॅब पक्का झाला की आम्ही सगळं सोडवतो, ट्रॅक्टरमध्ये भरतो आणि दुसऱ्या साइटवर जातो. लोक गवंड्याचं नाव घेतात, रंगाऱ्याचं घेतात. आमचं काम दिसलं तर समजा काहीतरी चुकलं.

गिऱ्हाईकं मात्र एकेक अशी भेटली की काय सांगू! एका हेडमास्तरांनी स्लॅब पडल्याच्या तिसऱ्या दिवशी खालच्या सगळ्या बल्ल्यांना निळा रंग दिला. का, तर मुलीला पाहायला पाहुणे येणार होते आणि “घर जरा नीटनेटकं दिसलं पाह्यजे.” अल्लीपूरचा एक पाटील सेंट्रिंग खोलू देईना. म्हणे, “राहू द्या ना भाऊ, तुमचं काय जाते? आधार असला तं बरं वाटते.” दोन महिने त्यांचं सगळं कुटुंब बल्ल्यांमधून वाट काढत फिरत होतं. शेवटी सूनबाईने माहेरी जायची धमकी दिली तेव्हा कुठे माझ्या बल्ल्या सुटल्या.

पण लिहायचं आहे ते गुरुद्वाऱ्याबद्दल.

वर्ध्याबाहेर मोठ्या रस्त्याला लागून आमच्या भागातल्या शीख मंडळींचा एक छोटा गुरुद्वारा होता. टिनाचं छप्पर, पुढे ओटा, मागे लंगरची खोली. ट्रकवाले थांबायचे, जेवायचे, पुढे जायचे. तो पाडून त्याच जागी नवा बांधायचं ठरलं. समितीचे प्रमुख मोहिंदरसिंग. त्यांचं ट्रकचं गॅरेज गुरुद्वाऱ्याच्या मागच्या गल्लीतच. दिसायला पहाड, पण बोलणं आपल्या वऱ्हाडीतलं. गुरुग्रंथसाहेबांची सेवा आणि पाठ करणारे ज्ञानीजी नांदेडकडून आलेले, शांत माणूस. आणि तिसऱ्या सतवंत कौर मॅडम. त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं होतं. रिटायर झाल्या तरी हातातली छडी काय ती गेली होती, आवाज तोच होता.

त्या बैठकीत मोहिंदरसिंगांनी फोनवर एक फोटो दाखवला. तयार फायबरचा घुमट. ट्रकमधून येतो, क्रेनने वर ठेवतात, बोल्ट मारतात, झालं. सगळ्यांना आवडला. मॅडमनी फोन जवळ घेऊन फोटो पाहिला. मग हळूच म्हणाल्या, “त्याच्या आतून आवाज कसा येईन हो? डब्यातल्यासारखा?”

मी तिथे फक्त सपाट स्लॅबचं बोलायला गेलेलो. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की घुमट सिमेंटचा ओतता येतो.

“तुमी ओतला हाय काय कधी?” मोहिंदरसिंगांनी विचारलं.

“पाण्याच्या गोल टाक्या केल्या हायेत.”

“टाकी आन् घुमट एकच व्हय?”

तेव्हा मी ते वाक्य बोललो. होईन ना, काऊन नाई होणार!

नकाशा इंजिनिअरचा होता, पण तो वाचायला मला मॅडमनी शिकवलं. मला वाटायचं, देऊळ म्हणा, गुरुद्वारा म्हणा, चार भिंती आणि वर शिखर. त्यांनी मला खडूने जमिनीवर आखून दाखवलं. मधे दरबार, त्यात तख्त, तख्तावर गुरुग्रंथसाहेब, त्यावर कापडाचा चांदवा. बाजूला एक वेगळी खोली, जिथे संध्याकाळी ग्रंथसाहेबांना विसाव्याला नेतात. आत येण्याआधी चपला ठेवायची जागा आणि पाय धुवायला पाण्याची उथळ पन्हाळ. लंगरची खोली मोठी, कारण तिथे सगळ्यांनी एका रांगेत जमिनीवर बसायचं. अंगणात केशरी कापडाने मढवलेला उंच ध्वजस्तंभ, निशाणसाहेब, लांबून येणाऱ्याला दिसावा असा.

“आन् हे नीट ध्यानात ठेवा सुधाकरभाऊ,” त्या म्हणाल्या, “ग्रंथसाहेबांच्या डोक्यावरून कोणी चालता कामा नये. वर खोली नाई, गच्ची नाई. म्हणून तिथं घुमट पाह्यजे, आतून पोकळ. वर फक्त मोकळी जागा.”

छत्तीस वर्षं मी लोकांच्या डोक्यावर मजले चढवले होते. मोकळी जागा बांधायची, हे पहिल्यांदाच ऐकलं.

दारांवरून तर इंजिनिअरशी त्यांचं भांडणच झालं. गुरुद्वाऱ्याला चार दिशांना चार दारं असतात. इथे मागच्या अंगाला फक्त तीन-साडेतीन फुटांची बोळ, पलीकडे गॅरेजची भिंत. इंजिनिअर म्हणाला, इकडे दार कशाला, कोण येणार इथून?

मॅडम म्हणाल्या, “येणारा कोणीकडून येईन, हे ठरवणारे तुमी-आमी कोण?”

चौथं दार झालं.

आमच्या माणसांपुढे मोठा प्रश्न खर्ऱ्याचा. आमच्याकडे बांधकामावर सिमेंट कमी पडलं तर चालतं, सुपारी-तंबाखूचा खर्रा कमी पडला तर काम बंद. आणि गुरुद्वाऱ्याच्या आवारात तंबाखू अजिबात चालत नाही. मला वाटलं, आता माणसं पळणार. ज्ञानीजी रागावले नाहीत. त्यांनी फाटकाजवळ रोज सकाळी गूळ-फुटाण्यांची परात ठेवायला सुरुवात केली. रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवाल्याने फळीला खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली खडूने नाव, प्रत्येक खिळ्याला एक पुडी. येताना अडकवायची, जाताना घ्यायची. गणपतने, म्हणजे माझ्यासोबत वीस वर्षं काम केलेल्या माझ्या मुख्य माणसाने, पहिल्या आठवड्यात डोक्याला बांधलेल्या रुमालात एक पुडी लपवून आणली. ज्ञानीजी त्याच्यासमोर हात जोडून नुसते उभे राहिले. गणपत मला म्हणाला, “मिस्त्री, शिवी देल्ली असती तं बरं झालं असतं.” त्यानंतर त्याने कधी आणली नाही. मीही माझ्या खिळ्यावर पुडी अडकवत होतो, आणि कितीदा तरी संध्याकाळी घ्यायची विसरून घरी गेलो.

घुमटाचं काम सुरू करायच्या आधी मी बसने नांदेडला गेलो. तिथे दोन दिवस नुसता मान वर करून फिरलो. गुरुद्वाऱ्याचा घुमट वाटीसारखा नसतो. बुडाला अरुंद, मग पोट बाहेर येतं, मग वर जाताना पुन्हा आत वळतं, कमळाच्या कळीसारखं. त्याच्यावर उभ्या पाकळ्या, माथ्यावर उलटं कमळ आणि वर कळस. मला एकच काळजी. पोट बुडापेक्षा मोठं, म्हणजे आतला साचा अखंड केला तर खालून बाहेर कसा काढायचा? बरणीत हात घालून मूठ बंद केल्यासारखं होणार.

परतीच्या बसमध्ये मला ते सुचलं आणि मी शेजारच्या अनोळखी माणसाच्या मांडीवर थाप मारली! साचा लाकडाचा करायचाच नाही. विटा आणि मातीचा करायचा. वर घुमट घट्ट झाला, की आतल्या विटा एकेक करून खाली काढायच्या.

तसंच केलं. दरबाराच्या स्लॅबला मधोमध बारा फुटांचं गोल भोक ठेवलं, भोवती जाड कडं ओतलं. जमिनीपासून त्या कड्यापर्यंत बल्ल्यांचा वीस फूट उंच सांगाडा, त्यावर फळ्यांचं व्यासपीठ. त्याच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी पाइप उभा केला. प्लायवूड कापून अर्ध्या घुमटाचा आकार केला, त्याला आम्ही फर्मा म्हणतो, आणि तो दारासारखा त्या पाइपला बिजागरीने अडकवला. विटा रचायच्या, वर चिखल थापायचा आणि फर्मा गोल फिरवायचा. जास्तीचा चिखल खरवडून पडतो आणि मागे तोच आकार राहतो.

पहिल्यांदा पूर्ण फेरा मारला तेव्हा आम्ही सगळे ओरडलोच. चिखलाचा घुमट! गुळगुळीत, गोल, मडक्यासारखा. गणपत त्याच्याभोवती तीनदा फिरला. “मिस्त्री, कुंभार झालो आपण,” म्हणाला. मॅडम शिडीवरून अर्ध्यापर्यंत चढून पाहून गेल्या. खाली उतरल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, आणि वर मला म्हणत होत्या, “धूळ फार हाय तुमच्या इथं.”

चिखलावर जुनी वर्तमानपत्रं चिकटवली, म्हणजे सिमेंट मातीला धरणार नाही. त्यावर सळ्या आणि जाळी. इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं, आणि माणसाचं डोकं अशाच वेळी फिरतं.

ओतायच्या चार दिवस आधी मॅडम दरबाराच्या नैऋत्य कोपऱ्यात उभ्या राहून पायाने जमीन ठोकत होत्या. “सुधाकरभाऊ, जुन्या लंगरचा शोषखड्डा इथंच कुठंतरी होता. पाणी जिरवायचा. तुमच्या बल्ल्या त्याच्यावर तं नाई ना?”

मी घाईत होतो. “मॅडम, वरून काँक्रीट टाकलं हाय. तुमी शाळा सांभाळली, मले बल्ल्या सांभाळू द्या.”

असं बोललो मी.

ओतायच्या दिवशी सकाळी अरदास, म्हणजे सगळ्यांची प्रार्थना झाली, सगळ्यांच्या ओंजळीत शिऱ्यासारखा गरम कडाहप्रसाद पडला. पुढच्या दारात मिक्सर आणि माल वर नेणारी लिफ्ट. घुमटाच्या पोटाखाली बाहेरून फळ्या बांधल्या होत्या, कारण तिथे माल घसरतो. वर सहा माणसं आणि मी. खाली गणपत. व्यासपीठाच्या मध्यातून एक ओळंबा सोडला होता, दोरीला बांधलेलं वजन, आणि त्याच्या टोकाखाली जमिनीत खिळा ठोकला होता. सांगाडा हलला नाही, तर टोक खिळ्यावरच राहणार. गणपतचं काम एवढंच, त्याकडे पाहत बसायचं.

आम्ही पोटापर्यंत आलो. ऊन चढलं होतं, माल छान बसत होता, मी अक्षरशः गाणं म्हणत होतो. तेवढ्यात खालून गणपतचा आवाज आला.

“मिस्त्री! ओळंबा चालून राह्यला!”

मी शिडीवरून कसा उतरलो मला आठवत नाही. टोक खिळ्यापासून एक बोट सरकलं होतं. मी वाकून पाहिलं तोवर दीड बोट. नैऋत्य कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज आला. मिक्सर धुतलेलं पाणी कधीपासून आत येऊन तिथे मुरत होतं. जमिनीच्या काँक्रीटला चंद्रकोरीसारखी भेग पडली होती आणि त्या भेगेच्या आतल्या सगळ्या बल्ल्या खचत होत्या. खाली आपली काळी माती. पाणी लागलं की तिचा भरवसा नाही.

वर ओला घुमट, टनावारी विटा आणि सहा माणसं.

“सगळे खाली उतरा! पळू नोका! एकेक या!”

ती सहा माणसं उतरेपर्यंतचा वेळ मला माझ्या छत्तीस वर्षांपेक्षा मोठा वाटला. शेवटचा माणूस जमिनीला लागला तेव्हा माझ्यासमोर मॅडम उभ्या होत्या. मी म्हणालो, “मॅडम, तुमी सांगितलं होतं. माझी चूक झाली.”

“ते मागून पाहू,” त्या म्हणाल्या. “आता काय पाह्यजे ते सांगा.”

काय पाहिजे? नव्या बल्ल्या ठोकून उपयोग नव्हता, सांगाडा नुसता थांबवायचा नव्हता, जागेवर उचलायचा होता. आणि तोही तासाभरात. पहिला माल घट्ट झाला, तर वरचा त्याला धरणार नाही, घुमटाला कायमचा जोड राहील. माझी नजर मोहिंदरसिंगांवर गेली.

“पाजी, जॅक! ट्रक उचलायचे जॅक! जेवढे असतील तेवढे. आन् जाड फळ्या.”

ते पळालेच. पहाड पळाला. पुढच्या दारात मिक्सर, लिफ्ट, वाळूचा ढीग. तिथून आणायचं तर सगळं हलवावं लागलं असतं. पण मागे, बोळीकडे, ते चौथं दार होतं. गॅरेजचे सगळे मेकॅनिक, लंगरच्या नव्या खोलीत पोळ्या लाटणाऱ्या बाया, जेवायला थांबलेले दोन ड्रायव्हर, अशी साखळीच लागली. हातोहात जॅक आत आले, ट्रकच्या फाळक्याच्या फळ्या आल्या. खचलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना पक्क्या जमिनीवर टेकतील अशा फळ्या आम्ही आडव्या टाकल्या, त्यावर जॅक बसवले, जॅकवर बल्ल्यांचे पाय घेतले.

आता सगळे जॅक एकाच वेळी, सारखे दाबले गेले पाहिजेत. एक पुढे गेला की सांगाडा दुसरीकडे कलणार. मी “एक, दोन” ओरडत होतो, पण गलक्यात कोणाला ऐकू येईना. ज्ञानीजींनी चौथ्या जॅकचा दांडा धरला होता. त्यांनी खणखणीत आवाजात म्हटलं, “सतनाम!”

सगळे म्हणाले, “वाहेगुरू!” आणि सगळे दांडे एकदम खाली गेले.

“सतनाम!”

“वाहेगुरू!”

गणपत जमिनीवर पालथा पडून ओळंब्याकडे पाहत होता. एका इंचात आठ सूत. तो मोजत होता. “दहा सूत... नऊ... थांबा, थांबा, हालू द्या त्याले... आठ.” माझी माणसं, जी या कामाआधी जन्मात गुरुद्वाऱ्यात आली नव्हती, तीही वाहेगुरू म्हणत दांडा दाबत होती. मीही म्हणत होतो. मोहिंदरसिंगांच्या दाढीवरून घाम टपटप पडत होता. “तीन सूत... दोन... मिस्त्री, धीरानं... एक...” आणि मग गणपतने नुसता हात वर केला. मी पाहिलं. टोक खिळ्याच्या बरोबर डोक्यावर.

सगळे त्या टोकाकडे पाहत राहिले, ते पुन्हा सरकतं की काय म्हणून. नाही सरकलं.

जॅकच्या बाजूला आम्ही जाड बल्ल्या ठोकून भार घेतला. वर टाकलेल्या मालाचाच उरलेला ढीग लिफ्टजवळ ओल्या पोत्याखाली झाकला होता, ते पोतं काढलं. मी बोटाने माल दाबून पाहिला. अजून बोट रुतत होतं!

आता वर कोण जाणार? मी कोणाला सांगू शकत नव्हतो. मी शिडी धरली. मागे पाहिलं तर सहाही जण ओळीत उभे. त्यांतला एक म्हणाला, “पाहता काय मिस्त्री, चढा ना. माल वाळून राह्यला.”

दुपार उतरता उतरता माथा बंद झाला. त्या दिवशी लंगरमध्ये जेवलेली डाळ मी आजवर खाल्लेल्या कुठल्याही लग्नातल्या जेवणापेक्षा चांगली होती. मॅडम वाढत होत्या. मी ताट पुढे करून पुन्हा म्हणालो, “मॅडम, त्या दिवशी मी बोललो ते...”

“शोषखड्ड्यावरची चूक फळ्यावर लिहून ठेवत नसते मी,” त्या म्हणाल्या. “पण पुढच्या वेळी बाईमाणूस जमीन ठोकून दाखवते, तं वाकून पाहजा.” आणि एक पोळी जास्त वाढली. मला मात्र ते सहा चेहरे पुढे कितीतरी दिवस दिसत राहिले. त्यांच्या घरच्यांना मी काय तोंड दाखवलं असतं? हा विचार अजूनही मधूनच येतो, आणि आला की तो मी टाळत नाही.

महिन्याभराने साचा काढला. पाचरी ढिल्या केल्या, व्यासपीठ बोटभर खाली आलं, आणि घुमट जिथल्या तिथे. विटा एकेक करून उतरवल्या. शेवटच्या विटा काढल्यावर आम्ही दिवे लावून वर पाहिलं, आणि मला हसू आवरेना. चिकटवलेल्या वर्तमानपत्रांची शाई सिमेंटवर उतरली होती! घुमटाच्या आत सगळीकडे उलटी मराठी अक्षरं. मॅडमनी चष्मा लावला आणि खालून भराभर वाचायला लागल्या, उलट्या अक्षरांची तीस वर्षांची सवय, पोरांच्या वहीत शाई पलीकडे फुटली तर पान मागच्या बाजूनेही वाचायच्या. “कपाशीचं बियाणं... वधू पाहिजे, गोरी... सुधाकरभाऊ, हे घासून काढा बरं लवकर!” घासलं, वर पांढरा गिलावा झाला. बाहेरून पाकळ्या करायला खास कारागीर आले. कळस चढला.

आणि मग तो दिवस. काम चालू असताना ग्रंथसाहेब जवळच्याच एका खोलीत होते, तिथून ते नव्या दरबारात येणार होते. आम्हा सगळ्यांना आवतण होतं. गणपत नवा सदरा घालून आला. रस्ता झाडून, धुऊन काढलेला. पुढे पाणी शिंपडणारे, मग अनवाणी ज्ञानीजी, डोक्यावर ग्रंथसाहेब, मागून कोणी चवरी ढाळतंय. लोक फुलं टाकत होते. ते आत आले, तख्तावर विराजमान झाले, आणि रागी मंडळींनी, म्हणजे कीर्तन गाणाऱ्यांनी, तबल्यावर थाप देऊन शबद सुरू केला.

आवाज वर गेला, घुमटात फिरला आणि पावसाच्या सरीसारखा सगळ्यांच्या अंगावर उतरला. डब्यातल्यासारखा नाही. मी लगेच मान वर केली. कडं पाहिलं, पोट पाहिलं, नैऋत्य कोपरा पाहिला, कुठे केसाएवढी भेग आहे का, कुठे ओल दिसते का. नांदेडला फिरलो होतो तसाच, मान वर करून, सगळी सभा विसरून.

कोणीतरी माझ्या बाहीला हलकेच ओढलं. मॅडम शेजारच्या बायांच्या रांगेतून वाकल्या होत्या.

“सुधाकरभाऊ,” त्या कुजबुजल्या, “वर पाहणं झालं ना आता? खाली पाहा.”

मी खाली पाहिलं. ज्ञानीजी ग्रंथसाहेबांवरचा रुमाल बाजूला करून पान उघडत होते.